भावजी, एक फोन करा ना

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री पाऊण वाजता वहिनींचा फोन आला. पुतण्या बायपासच्या एका मॅरेज गार्डनमधून मित्राचं रिसेप्शन आटोपून राजेंद्र नगरला घरी येत होता, वाटेत पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अडवलं. गाडीत आणखी तीन मुलं. वहिनी रडत होत्या. "भावजी, तुमची सगळीकडे ओळख आहे. टीआय साहेबांना एक फोन करा ना." टीआय म्हणजे आमच्याकडचे पोलीस थान्याचे प्रमुख.

मी वकील आहे, इंदूरच्या जिल्हा कोर्टात बावीस वर्षं झाली. असे फोन मला दरवर्षी येतात. वकिली नवी होती तेव्हा दोन-तीनदा मी ती ओळख वापरलीही आहे, त्याची आजही लाज वाटते. या वेळी वापरली नाही. थान्यात गेलो, त्याच्या शेजारी बसलो, पण फोन केला नाही. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीत, आणि नातेवाईकांत मी 'कायदा शिकवणारा काका' झालोय. म्हणून हे लिहितो आहे.

फुंकून दारू तपासायच्या मशीनचा आकडा ११२ होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारू. म्हणजे जवळजवळ चौपट. हवालदारांनी सहीची जागा बोटाने दाखवली, तरी पोराचं पेन दोनदा रेघेखाली घसरलं. तेवीस वर्षांचा मुलगा. थोड्या वेळाने मला म्हणाला, "काका, विजय नगर कधी गेलं ते मला आठवतच नाहीये." विजय नगरच्या चौकात शनिवारी रात्री किती माणसं असतात ते इंदूरकरांना सांगायला नको.

आता त्या 'एका फोन'बद्दल. पुष्कळांना वाटतं, फोन म्हणजे नुसती विनंती. तसं नाही. कलम २०२ म्हणतं की या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. ही तरतूद माणसाला विनाकारण डांबून ठेवू नये म्हणून आहे. पण ओळखीपाळखीवाले नेमके हेच दोन तास खातात. आधी मामांचा फोन, मग कुणा पुढाऱ्याच्या माणसाचा, मग "साहेब, जरा थांबा, मोठे साहेब बोलताहेत". तोवर घड्याळ पुढे सरकतं, रक्तातली दारू उतरते आणि केस कोर्टात पोचण्याआधीच पातळ होते. "मशीनमध्ये फुंकूच नकोस" हा सल्लाही असाच. योग्य कारण नसताना नकार दिला, तर कलम २०५ खाली तो नकारच सरकारी पुराव्याला बळ देणारा धरता येतो.

दंड १०,००० रुपये. सप्टेंबर २०१९ च्या आधी हाच दंड २,००० पर्यंत होता. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. हे चालान रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. आणि माझ्या मते खरा दात दंडात नाहीच. कलम २० प्रमाणे दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असतं. ज्या घरात लग्नाच्या एका जेवणावळीवर लाखो रुपये जातात, तिथे दहा हजारांनी काय फरक पडणार? सहा महिने सिटी बसने फिरावं लागलं, की पडतो.

विम्याचंही कुणी ऐकत नाही. प्यायलेल्या चालकाने गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. मशीनची चाचणी झालेली नसली, तरी इतर पुराव्यांवरून दारू सिद्ध होत असेल तर दावा नाकारता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

मुंबईत कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालक प्यायलेला होता. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली, ती होती तीन वर्षांची. सात माणसं, तीन वर्षं. हा निकाल मी वकिलीत कितीदा तरी वाचलाय आणि दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

सरकारबद्दलही बोलायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या मध्य प्रदेशातले अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले. हेतू चांगला असेल, पण पिणं थांबलं नाही, ते गाडीत आलं. सुपर कॉरिडॉरच्या कडेला संध्याकाळी उभ्या असलेल्या गाड्यांखाली डिस्पोजेबल ग्लास बघा. तपासणी शनिवार-रविवारी आणि एकतीस डिसेंबरलाच जोरात दिसते, तीही ठरलेल्या चौकांत. मग व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, "अमुक चौकात चेकिंग आहे, आतल्या गल्लीने या." हा मेसेज पुढे पाठवणारी आपलीच सुशिक्षित मुलं आहेत, आणि तो ज्यांच्या हातात पडतो ते त्या गल्लीत झोपलेल्या कुणाच्या तरी दारावरून गाडी नेतात. पोलिसांनी मंगळवारी दुपारीही मशीन लावावं असं मला मनापासून वाटतं.

पुतण्याने कोर्टात कबूल केलं. दंड भरला, लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. तो माझ्याशी बोलतो, परवा घरी येऊन गेला, बसने.

तुमच्या घरी असं झालं तर मला जरूर फोन करा, रात्री दोन वाजता केलात तरी चालेल. मी थान्यात येईन, वैद्यकीय तपासणी वेळेत झाली का ते बघेन, मुलाला कुणी मारहाण करणार नाही याची काळजी घेईन, गाडी सोडवण्याचा अर्ज लिहीन, त्याचे पैसेही घेणार नाही. टीआयला फोन मात्र करणार नाही.