‘शनिवार-रविवारचे वैमानिक’ आणि ग्लेनव्ह्यूची जेट विमानं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्लेनव्ह्यूच्या नौदल विमानतळावरच्या माझ्या लेखाला तुम्ही वेळ काढून सविस्तर आणि परखड उत्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: ग्लेनव्ह्यू हा राखीव दलाचा तळ. तिथे नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी येणारे हौशी वैमानिक उडायचे, तेही नौदलानं टाकून दिलेल्या जेट विमानांतून. खरी लढाई कायम सेवेतल्या लोकांनी लढली. मुलीकडे शिकागोला गेलात तेव्हा तिथे तुम्हाला फक्त दुकानं दिसली. मग एवढं कौतुक कशासाठी, आणि मराठी वाचकाला त्याचं काय?

विमानं जुनी होती, हे खरंच आहे, आणि त्यावर पुढे लिहितोच. पण ‘हौशी’ हा शब्द मला मान्य नाही.

आधी तळाचं थोडं. शिकागोच्या उत्तरेला कर्टिस कंपनीनं १९२९ मध्ये उघडलेला हा खासगी विमानतळ. १९३७ मध्ये नौदलानं आपलं राखीव दलाचं वैमानिक केंद्र जवळच्या ‘ग्रेट लेक्स’ नावाच्या नौदल तळावरून इथे हलवलं. दुसऱ्या महायुद्धात मिशिगन सरोवरातल्या ‘वुल्व्हरिन’ आणि ‘सेबल’ या दोन नौकांवर हजारो वैमानिकांनी विमानवाहू नौकेवर उतरण्याची परीक्षा दिली, ती इथूनच. या नौका म्हणजे बाजूला चाकं असलेल्या, कोळशावर चालणाऱ्या जुन्या प्रवासी बोटी. वरचे मजले उतरवून त्यांवर धावपट्टी बसवली होती. थोरले जॉर्ज बुश १९४३ मध्ये ‘सेबल’वरच उतरले. युद्ध संपल्यावर नौदलाच्या राखीव वैमानिक दलाचं मुख्यालयच ग्लेनव्ह्यूला आलं आणि १९७०च्या दशकापर्यंत तिथे राहिलं. म्हणजे देशभरच्या अशा सगळ्या तळांचा कारभार इथून चालायचा.

आता तुमचा मुख्य मुद्दा. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सलग दोन आठवडे, एवढाच हजेरीचा नियम होता, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. या लोकांना ‘वीकेंड वॉरियर’ असंच म्हणत. पण हे लोक कोण होते? बहुतेक जण महायुद्धात नौकेवरून लढून आलेले. सैन्यातून सुटल्यावर कुणी कॉलेजात गेला, कुणी नोकरीला लागला. हातात बसलेलं कसब गंजू नये म्हणून ते तळावर येत. विमान जमिनीवरून उडवणं आणि हलत्या नौकेवर उतरवणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर सरावाशिवाय पार करता येत नाही.

जेटच्या बाबतीत तर हे जास्तच. त्या काळच्या नौकांचा डेक सरळ होता, आजच्यासारखा तिरपा नव्हता. डेकच्या टोकाशी उभा असलेला अधिकारी हातातल्या पॅडलनी खुणा करायचा: वर आहेस, खाली आहेस, आता इंजिनाचा जोर काढून घे. विमानाच्या शेपटीखालचा हुक आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकायला हवा. नाही अडकला तर समोर अडसराची जाळी, आणि तिच्या पलीकडे आधी उतरलेली विमानं आणि माणसं. पंख्याच्या विमानात चूक झाली तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे सारताच पंखा लगेच ओढ देतो. सुरुवातीच्या जेट इंजिनांना पुन्हा पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागत, आणि उतरताना तेवढे सेकंद नसतात. हे काम कुणी हौसेखातर करत नाही.

१९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. जुलै संपायच्या आत राखीव दलाची स्क्वॉड्रन्स, म्हणजे विमानांच्या तुकड्या, कामावर बोलावली गेली. त्यात ग्लेनव्ह्यूचं व्हीएफ-७२१ होतं (‘व्हीएफ’ म्हणजे लढाऊ विमानांचं स्क्वॉड्रन). १९५१ च्या मार्चअखेर ‘बॉक्सर’ ही विमानवाहू नौका कोरियाच्या किनाऱ्याजवळ पोहोचली, तेव्हा तिच्यावरच्या १०१ क्रमांकाच्या एअर ग्रुपची, म्हणजे नौकेवरच्या विमानताफ्याची, चारही मुख्य स्क्वॉड्रन्स राखीव दलाची होती: मेम्फिसचं ७९१, कॅन्ससमधल्या ओलेथचं ८८४, डॅलसचं ७०२ आणि ग्लेनव्ह्यूचं ७२१. राखीव दलाच्या एअर ग्रुपनं उत्तर कोरियावर नौकेवरून हल्ले चढवण्याची ही पहिलीच वेळ. या चौघांत पंख्याची कॉर्सेअर आणि स्कायरेडर विमानं तिघांकडे होती. जेट होतं एकट्या ग्लेनव्ह्यूच्या लोकांकडे.

ते जेट म्हणजे ग्रमन कंपनीचं एफ९एफ-२बी पँथर. सरळ पंख, नाकात २० मिलिमीटरच्या चार तोफा. नावातला ‘बी’ म्हणजे पंखांखाली बॉम्ब टांगायची सोय केलेलं. टाकून दिलेलं विमान म्हणाल तर हे ते नव्हे. १९५१ मध्ये नौदलाच्या नौकांवरून लढणारं हेच मुख्य जेट होतं. त्याचं इंजिन ब्रिटिश रोल्स-रॉइस ‘नीन’च्या परवान्यावर अमेरिकेत बनलेलं, आणि समोरच्या मिग-१५ चं इंजिनही त्याच ‘नीन’वरून रशियात तयार झालेलं. मिगचे पंख मागे झुकलेले असल्यानं तो वेगात पँथरच्या पुढे होता. तरीही पूल, रेल्वे आणि रसदीचे रस्ते तोडण्याचं काम पँथरवाल्यांनी महिनोन्‌महिने केलं.

आणि कायम सेवेतले विरुद्ध राखीव, अशी रेषा तुम्ही आखता, ती कोरियात टिकत नाही. युद्ध संपायच्या आतच, १९५३ मध्ये, ७२१ ला नौदलाच्या कायम यादीत नवा क्रमांक मिळाला. उलट्या दिशेचंही उदाहरण देतो. नील आर्मस्ट्राँग कोरियात पँथरमधून ७८ मोहिमा करून परतले, १९५२ मध्ये सेवेतून बाहेर पडले आणि पर्ड्यू विद्यापीठात शिकायला गेले. तेव्हा ते ग्लेनव्ह्यूच्याच व्हीएफ-७२४ मध्ये राखीव वैमानिक म्हणून उडत होते. पुढे कॅलिफोर्नियात गेल्यावर लॉस अॅलमिटोसच्या तळावर. चंद्रावर उतरलेल्या माणसाला आपण हौशी म्हणणार का?

आता तुमचा दुसरा मुद्दा, जुन्या विमानांचा. इथे मी बऱ्याच अंशी तुमच्या बाजूचा आहे, आणि हा विषय मला खरोखर महत्त्वाचा वाटतो.

कोरियानंतर व्यवस्था अशी बसली की पुढच्या फळीला नवं विमान आलं की जुनं राखीव दलाकडे जायचं. पँथर, बॅन्शी, कूगर, फ्युरी, मग स्कायहॉक आणि क्रुसेडर. शिवाय विमानं स्क्वॉड्रनची नसायची, तळाची असायची. वाड्यातल्या एकाच विहिरीवर सगळ्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं पाणी भरावं, तशी एकाच तळावरची अनेक स्क्वॉड्रन्स तीच विमानं वेगवेगळ्या शनिवार-रविवारी वापरायची. त्या काळचे फोटो नीट पाहा. शेपटीवर स्क्वॉड्रनचा संकेत नसतो, ग्लेनव्ह्यूचा ‘७व्ही’ असतो. धडाच्या मागच्या भागावर भडक नारिंगी पट्टा, राखीव दलाची ओळख. सोमवार ते शुक्रवार ही विमानं सांभाळायला तळावर कायमचे कर्मचारी असत, त्यांना ‘स्टेशनकीपर’ म्हणत. शनिवारी सकाळी वैमानिक यायचा तेव्हा विमान तयार मिळायचं ते या लोकांमुळे. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

या व्यवस्थेचं पितळ १९६८ मध्ये उघडं पडलं. जानेवारीत उत्तर कोरियानं ‘प्युब्लो’ हे अमेरिकी नौदलाचं हेरगिरी जहाज पकडलं, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राखीव दलाला बोलावलं. नौदलाची सहा स्क्वॉड्रन्स आली: तीन स्कायहॉकची, तीन क्रुसेडरची. ग्लेनव्ह्यूचं त्यांत एकही नव्हतं. वैमानिक अनुभवी होते, पण विमानं सुरुवातीच्या आवृत्त्यांची. नौकांवर तोवर नव्या आवृत्त्या आणि नवी उपकरणं आलेली. ज्या यंत्रांवर नौकेवरच्या लोकांबरोबर काम करायचं, ती या वैमानिकांनी हाताळलेलीच नव्हती. महिनोन्‌महिने फेरप्रशिक्षणात गेले. सहापैकी एकही स्क्वॉड्रन लढाईवर गेलं नाही, आणि वर्ष संपायच्या आत सगळ्यांना घरी पाठवलं.

म्हणून मी विमानांच्या वयाला महत्त्व देतो, पण तुमच्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. तुम्ही म्हणता, विमानं जुनी होती म्हणून माणसंही दुय्यम. मला त्यात उलट दिसतं: माणसं पहिल्या दर्जाची होती आणि त्यांच्या हाती मागच्या पिढीचं यंत्र दिल्यानं त्यांचा सराव वाया गेला. दोष वरच्या नियोजनाचा होता.

तो दुरुस्तही झाला. १ एप्रिल १९७० ला राखीव दलाच्या दोन स्वतंत्र कॅरियर एअर विंग उभ्या राहिल्या, नौकेवरच्या कायम एअर विंगच्या धर्तीवर. स्क्वॉड्रनला स्वतःची विमानं मिळाली, सामायिक साठा संपला. त्याचं फळ यायला तीस वर्षं लागली, पण आलं: २००३ च्या इराक युद्धात टेक्ससचं राखीव स्क्वॉड्रन व्हीएफए-२०१ ‘थिओडोर रूझवेल्ट’वरून एफ/ए-१८ हॉर्नेट घेऊन लढलं.

ग्लेनव्ह्यूच्या वाट्याला मात्र या फेररचनेनंतर नौदलाची जेट लढाऊ स्क्वॉड्रन्स आली नाहीत. तिथे ओरायन ही पाणबुड्या शोधणारी पंख्याची मोठी विमानं आली आणि शेवटपर्यंत तीच तिथली मुख्य विमानं राहिली. १९९३ मध्ये तळ बंद करायचं ठरलं, १९९५ च्या सप्टेंबरअखेर तो बंद झाला. जवळजवळ ११०० एकरांवर घरं, बागा, तळं आणि बाजारपेठ झाली. तुम्ही पाहिलीत ती दुकानं म्हणजे जुन्या ‘हँगर वन’चा दर्शनी भाग आणि त्याचा नियंत्रण मनोरा. तो जपून त्याच्याभोवती बाजार वसवला आहे. जवळच तळाचं एक छोटं संग्रहालयही आहे. मुलीकडे पुन्हा गेलात तर ते जरूर पाहा.

राहिला मराठी वाचकाचा प्रश्न. आपल्या हवाई दलालाही नागरिक-वैमानिकांचा हाच प्रश्न पडला होता. १९५२ च्या कायद्यानं आपल्याकडे सहायक हवाई दल उभं राहिलं: दिवसभर नोकरी करणारे नागरिक, उरलेल्या वेळात हवाई दलाचे वैमानिक. शहरांच्या आधारानं त्याची स्क्वॉड्रन्स होती आणि त्यांतलं एक मुंबईचं. हार्वर्डसारख्या प्रशिक्षण विमानांवर त्यांचा सराव चालायचा. पुढे ती स्क्वॉड्रन्स कायम हवाई दलात विलीन झाली. नागरिक-वैमानिक किती सराव टिकवू शकतो आणि त्याला कोणतं विमान द्यायचं, हा हिशेब दोन्ही देशांनी आपापल्या परीनं मांडला. अमेरिकेच्या चुकांची नोंद तपशिलात उपलब्ध आहे, म्हणून मी तिथून सुरुवात केली. मुंबईच्या स्क्वॉड्रनबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. तुमच्या ओळखीत किंवा नात्यात त्यात उडालेलं कुणी असेल, जुने फोटो, लॉगबुक काही असेल, तर खाली लिहा. त्यावर स्वतंत्र लेख करायची माझी फार इच्छा आहे.