ग्रुपवर आलं म्हणून मावशीनं गोळ्या सोडल्या

मावशीच्या मेंदूतल्या धमनीला फुगा होता. तीन महिन्यांपूर्वी तिथे फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा प्रवाह वळवणारी जाळी, बसवला. परवा फोनवर सहज म्हणाली, "अगं, त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चार दिवस झाले सोडल्यात. ग्रुपवर आलंय ना, त्यानंच डोक्यात रक्तस्राव होतो म्हणून."

ते फॉरवर्ड मी मागवून वाचलं. त्यात पाच दावे आहेत: कॉइल (फुग्यात भरायची बारीक धातूची तार) आणि स्टेंट (धमनीत बसवायची जाळी) हा निव्वळ धंदा, कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला क्लिप, म्हणजे चिमटा, लावणं हाच खरा इलाज; कॉइल टिकत नाही; धातूमुळे पुन्हा कधी एमआरआय नाही; गोळ्या ताबडतोब बंद करा; अर्जुनसाल आणि लसणाचा काढा घ्या, फुगा विरघळतो.

आधी गोळ्या, कारण यात माणूस जातो. फ्लो डायव्हर्टर ही दाट विणीची धातूची जाळी. ती फुग्यात नाही, मूळ धमनीत फुग्याच्या तोंडावर बसते. रक्त सरळ वाटेनं जातं, फुग्यातलं साकळतं आणि जाळीवर धमनीचं अस्तर हळूहळू चढतं. याला महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटून गुठळी होऊ शकते. ती धमनीत अडकली की पक्षाघात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल द्यायचं ते एवढ्यासाठी. या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे खरं. म्हणूनच कुठली गोळी कधी थांबवायची हे जाळी बसवणारा डॉक्टर ठरवतो, ग्रुप ॲडमिन नव्हे.

आता 'निव्वळ धंदा'. फुटलेल्या फुग्यांवर क्लिप बरी की कॉइल, याची मोठी तुलना 'आयसॅट' चाचणीत झाली. 2143 रुग्ण, निकाल 2002 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण क्लिपच्या गटात 30.6 टक्के, कॉइलच्या गटात 23.7. फरक एवढा दिसला की नवे रुग्ण घेणं मुदतीआधीच थांबवलं. हे दोन्ही उपाय चालतील अशा रुग्णांपुरतं आहे. काही फुग्यांना आजही क्लिपच योग्य.

कॉइल टिकत नाही? बरं, यात थोडं तथ्य आहे. कॉइल दबते, फुगा पुन्हा भरू लागतो, कधी दुसऱ्यांदा उपचार करावे लागतात. त्याच चाचणीत नंतरच्या वर्षांत पुन्हा रक्तस्राव कॉइलवाल्यांत किंचित जास्त दिसला, पण एकूण प्रमाण अगदी कमी. डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावतात ते उगीच नाही.

एमआरआयचं तर हसूच आलं. कॉइल प्लॅटिनमची, तिला चुंबक ओढत नाही. ओढल्या जायच्या त्या जुन्या काळच्या काही स्टीलच्या क्लिपा, म्हणजे फॉरवर्डवाल्यांचा 'खरा इलाज'! एमआरआयच्या आधी उपकरणाचं कार्ड दाखवा, एवढंच.

काढ्यानं धमनीचा फुगा विरघळत नाही. वर रक्तस्रावाची भीती घालायची आणि खाली लसूण सुचवायचा, ज्याचा अर्क स्वतःच प्लेटलेटवर परिणाम करतो!

मावशीला लगेच तिच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावून तपासलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हे फॉरवर्ड टाकणाऱ्या मामांना हृदयात स्टेंट आहे आणि त्यांची क्लोपिडोग्रेल एक दिवस चुकलेली नाही. विचारलं तर म्हणाले, "ते हृदयाचं आहे गं."