सुकलेलं सागवानही पावसात फुगतं

नमस्कार. कपाटाच्या खणांच्या (ड्रॉवरच्या) लेखावर तुम्ही लिहिलंत की सागवान पक्कं सुकलेलं असेल तर फुगतच नाही, वर फट सोडायला सांगणं म्हणजे कच्च्या कामावर पांघरूण, आणि तळ खोबणीत बसवण्याचा खटाटोप कशाला, खालून चुका (बारीक खिळे) मारल्या की झालं. त्याच प्रतिक्रियेत देवगडच्या घरातले खण दर पावसाळ्यात अडकतात असंही आहे. त्याचं कारण तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड सुकलं तरी हवेतली ओल घेणं-सोडणं थांबत नाही, घराला शंभर वर्षं झाली तरी. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, त्याचा मान त्यासाठीच आहे. पण हलतं. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत लाकडातली ओल 5 टक्क्यांनी वाढली, तर 6 इंच रुंद फळी साधारण 1 मिलिमीटर वाढते, चिराई आडवी, म्हणजे खोडाच्या वलयांना समांतर, असेल तर दीडपर्यंत. लांबीत जवळजवळ काहीच नाही. खणाच्या बाजूची फळी आडवी असते, म्हणजे तिची रुंदी हीच खणाची उंची. म्हणून तो वरच्या पट्टीला घासतो. उन्हाळ्यात बनवताना वर एक सूत (इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर) मोकळं सोडाच. भर पावसात बनवत असाल तर अर्धं सूत पुरे, कारण लाकूड आधीच फुगलेलं आहे.

आता तळ. खालून ठोकलेल्या तळाचा सगळा भार चुकांवर येतो, आणि खाऱ्या हवेत लोखंडी चुका गंजतात. पितळेची भांडी ठेवली की तळ सुटायला वेळ लागत नाही. खोबणीत तोच भार बाजूच्या फळ्या घेतात. प्लायच्या तळाला खोबणीत सरस खुशाल लावा. फळीचा तळ असेल तर सरस अजिबात नको. लाकडाच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवा, मागची फळी तळाच्या वरच संपवा आणि तळ मागून लांबट भोकातून एका स्क्रूने धरा. मग फुगेल तेवढा तो मागे सरकतो, सांधे उसवत नाही.

खणाची पेटी प्लायची असेल तर डोव्हटेल (शेपटीच्या आकाराच्या दातांचा सांधा) लागत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. तिथे आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का पाहा आणि कापलेल्या कडांना वॉर्निश पाजा. टेलिस्कोपिक चॅनल (खण सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडा: 450 मिलिमीटरच्या खाचेत पेटी बाहेरून 424. मिलिमीटरभर कमी भरली तर पॅकिंग लावता येतं, जास्त भरली तर पेटी पुन्हा उघडावी लागते. पेटी काटकोनात आहे ना, हे पाहायला सरस ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजून घ्या.

तुमच्या अडकलेल्या खणांवर आत्ता रंधा मारू नका, उन्हाळ्यात ते खुळखुळतील. कुठे घासतंय तिथे पेन्सिलने खूण करा, कडेला मेणबत्ती चोळा, आणि दिवाळीनंतर लाकूड बसलं की तेवढ्याच जागेवर हलका हात फिरवा.