टर्कीसाठी सर्वांत घट्ट चोक, सर्वांत मोठं काडतूस? एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

एप्रिल जवळ आला की टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीबद्दलचा एक सल्ला फोनवर फिरू लागतो. अमेरिकन शिकाऱ्यांत तो जुनाच आहे, आता अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींपर्यंतही पोचलाय. सल्ला असा: बारा बोअरच्या (बोअर हे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद) बंदुकीला मिळेल तो सर्वांत घट्ट चोक (नळीचं तोंड अरुंद करणारं नळकांडं) लावा, साडेतीन इंची मॅग्नम, म्हणजे जादा छर्रे भरलेलं काडतूस घ्या, छर्रा जितका मोठा तितका उत्तम. मग ६० यार्डांवरचा नरही जागीच पडतो. आणि ही काडतुसं महाग असतात, तेव्हा ती सरावाला कागदी निशाणावर उडवून वाया घालवू नका.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास संपलीच. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना वडिलांकडून किंवा काकांकडून हे शिकायला मिळालेलं नाही. इथे आल्यावर जो ठामपणे सांगतो त्याचं खरं वाटतं. पण या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक भाग चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मोजतो तो छर्रे अंगात घेऊन झाडीत नाहीसा झालेला पक्षी. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी नेम कुठे धरायचा ते. पूर्ण वाढलेला नर आठ-नऊ किलोंचा असतो, पण त्याच्या अंगावर बार काढायचा नसतो. पंखांची जाड पिसं आणि छातीचं मांस यांत छर्रे अडकतात, पक्षी जखमी होऊन पळतो किंवा उडतो आणि सापडत नाही. मारायचं असतं ते डोक्यावर आणि मानेवर, म्हणजे मेंदू आणि मानेचे मणके. अख्ख्या पक्ष्याच्या मानाने ही जागा फार अरुंद आहे. चोक आणि काडतूस निवडताना प्रश्न एवढाच असतो की या अरुंद जागेत, पुरेशा खोलवर, पुरेसे छर्रे दर वेळी पोचतील का.

आता चोक. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला आवळ. साधारण बारा बोअर नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच. फुल चोक ती सुमारे ०.०३५ इंचाने आवळतो, आणि जुन्या मापानुसार ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात ७० टक्के छर्रे पडले तर तो फुल चोक. टर्कीसाठी विकले जाणारे चोक यापेक्षा बरेच घट्ट असतात. इथून लोक सरळ हिशेब करतात: आवळ वाढवा, छर्रे आणखी एकवटतील. हे काही मर्यादेपर्यंतच खरं आहे. शिसं मऊ असतं. बार निघताना मागच्या छर्‍यांवर पुढच्यांचा सगळा भार येतो आणि ते चेपतात. पुढे अतिघट्ट चोकमधून जाताना ते पुन्हा एकमेकांवर दाबले जातात. चेपलेला छर्रा सरळ जात नाही, बाजूला भरकटतो. त्यामुळे एका टप्प्यानंतर आवळ वाढवला की पॅटर्न, म्हणजे छर्‍यांचा फैलाव, सुधारायच्या ऐवजी विस्कटतो. कधी मध्ये मोकळी जागा पडते, कधी एका बाजूला पुंजका जमतो.

शिवाय दुकानात चोकवर कोरलेला आकडा बहुधा त्याच्या बाहेरच्या तोंडाचा व्यास असतो, आणि तो एकटा काहीच सांगत नाही. ०.६६५ इंचाचा चोक ०.७२९ च्या नळीत ०.०६४ इंच आवळ देतो. ब्राउनिंग कंपनीच्या बंदुकीच्या ०.७४२ इंचाच्या रुंदावलेल्या नळीत, तिच्या आट्यांना बसणारा ०.६६५ चा चोक लावला तर तोच आवळ ०.०७७ होतो. मॉसबर्ग कंपनीच्या ८३५ या बंदुकीची नळी तर दहा बोअरच्या जवळ जाणारी, ०.७७५ इंचाची आहे. मित्राच्या बंदुकीत जो आकडा उत्तम चालतो तो तुमच्या बंदुकीत चालेलच असं नाही, मग फोनवर आलेल्या आकड्याचं काय सांगावं. भर म्हणून काही काडतुसांतला छर्रे धरणारा प्लास्टिकचा कप मागच्या बाजूने उघडतो आणि छर्रे जास्त वेळ एकत्र धरतो. अशी काडतुसं कप अडवणाऱ्या खाचांच्या चोकमधून उडवली तर दोन्हींचा फायदा जातो. आणि पोलादी छर्रे अतिघट्ट चोकमधून कधीही उडवू नयेत. चोकवर किंवा सोबतच्या कागदावर तशी मनाई छापलेली असते, ती वाचावी. नळी कायमची फुगू शकते.

घट्ट चोकची दुसरी बाजू या सल्ल्यात येतच नाही. टर्कीच्या आवाजातली हाक नीट दिली तर टर्की जवळ येतो, १५-२० यार्डांवर. तेवढ्या अंतरावर अतिघट्ट चोकचा पॅटर्न मुठीएवढा असतो. टर्कीचं डोकं क्षणभर स्थिर नसतं, चालताना मागेपुढे होत राहतं. नेम दोन-तीन इंच हुकला तर सगळेच्या सगळे छर्रे शेजारून जातात. ज्या शिकाऱ्याला जवळचा पक्षी चुकल्याचं नवल वाटतं, त्याने आधी आपल्या चोककडे बघावं.

साडेतीन इंची काडतूस १९८८ मध्ये मॉसबर्ग आणि काडतुसं बनवणारी फेडरल यांनी मिळून बाजारात आणलं. त्यात शिशाचे दोन औंस किंवा थोडे अधिक छर्रे बसतात. तीन इंचीत पावणेदोन औंस तर सहज मिळतात, काहींत दोनसुद्धा. पाच नंबरचे (नंबर म्हणजे छर्‍याच्या जाडीचं माप) शिशाचे छर्रे औंसाला सुमारे १७० भरतात, म्हणजे पावणेदोन औंसांत साधारण ३०० आणि दोन औंसांत ३४०. फरक चाळीस छर्‍यांचा. एकेका छर्‍याचं वजन तेच राहतं, वेगही वाढत नाही, तेव्हा तो मानेत जास्त खोल जाणार नाही. ‘मॅग्नम’ शब्दाने पल्ला वाढल्यासारखा वाटतो, पण वाढते ती फक्त छर्‍यांची संख्या, आणि लांबलेल्या रांगेमुळे त्यांतले काही चेपून वायाच जातात.

धक्का मात्र नक्की वाढतो. साडेतीन किलोंच्या आसपास वजनाच्या बंदुकीतून दोन औंसांचं हे काडतूस उडवलं तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा हरणासाठी वापरतात त्या ३०-०६ रायफलीच्या तिपटीच्या घरात जाते. असा मार दोनदा खाल्ला की शरीर तिसऱ्या वेळी आपोआप आकसतं, चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि नळी हलते. किरकोळ अंगाच्या माणसाच्या, बायकांच्या किंवा मुलांच्या हातात हे काडतूस देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. पहिल्याच हंगामात बंदुकीची भीती बसली की ती जायला वर्षं लागतात.

‘मोठा छर्रा’ हा तिसरा दावा. छर्‍यांचे नंबर उलटे चालतात: चार नंबर पाचपेक्षा जाड, पाच सहापेक्षा. १७ मधून नंबर वजा केला की व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो, म्हणजे चार नंबर ०.१३ इंच, पाच ०.१२, सहा ०.११. चार नंबरचे औंसाला सुमारे १३५ बसतात, सहाचे २२५. मोठा छर्रा एकेकटा जोरदार लागतो हे खरं, पण अंतर वाढतं तशी आधी विरळ होते ती संख्या. मानेच्या बाजूने जाणारा जोरदार छर्रा काय कामाचा? शिशामध्ये पाच आणि सहा नंबर टर्कीसाठी टिकून आहेत ते या समतोलामुळे. अतिमोठा छर्रा कायद्यातही बसत नाही: मिझुरीसारख्या राज्यात चार नंबरपेक्षा जाड छर्रा टर्कीसाठी चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसंच बंद आहे. आपल्या राज्याची नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचावी.

‘मोठं तेच चांगलं’ हा समज सगळ्यांत जास्त मोडला तो टंगस्टनच्या छर्‍यांनी. शिकारी त्यांना टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) म्हणतात. शिशाची घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅम) सुमारे ११, पोलादाची ८ च्या आत, टीएसएसची १८. सारख्या वेगाने जाणारा गोल छर्रा किती खोल घुसेल याचा ढोबळ अंदाज व्यास आणि घनता यांच्या गुणाकारावरून येतो. पाच नंबरचं शिसं: ०.१२ गुणिले ११, म्हणजे १.३२. नऊ नंबरचं टीएसएस: ०.०८ गुणिले १८, म्हणजे १.४४. शिशाच्या छर्‍याच्या निम्म्याहून कमी वजनाचा बारीक दाणा त्याच्याएवढा, किंबहुना थोडा जास्तच खोल जातो. शिवाय औंसाला असे सुमारे ३६० बसतात. म्हणूनच आज वीस बोअरची हलकी बंदूक टर्कीसाठी पुरते, आणि जिथे परवानगी आहे तिथे लहानशी, ०.४१० इंची नळीची चारशे दहासुद्धा, योग्य अंतरावर. फेडरलच्या तीन इंची चारशे दहा काडतुसात नऊ नंबरचे जेमतेम १३/१६ औंस टीएसएस असतात. साडेतीन इंची बारा बोअर म्हणजेच टर्कीची बंदूक, असं सांगणाऱ्याने हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

मग टीएसएस घेऊन ६० यार्डांवर मारावं का? नाही. इथे मी कुठलीच सवलत द्यायला तयार नाही. छर्रा तिथवर पोचतो, घुसतोही, पण तेवढ्याने भागत नाही. छर्‍यांना ६० यार्ड जायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात पक्ष्याचं डोकं काही इंच सरकतं. जंगलात नजरेने अंतर ओळखताना भलेभले चुकतात. ४५ म्हणून धरलेले कधी ५५ निघतात. मधली एखादी बारीक फांदी दिसतही नाही. नर पिसारा फुलवून डोकं आत ओढून उभा असेल तर ४० यार्डांवरही थांबायचं, एखादी हलकी हाक देऊन त्याची मान वर येऊ द्यायची, मगच चाप. टर्कीच्या शिकारीतलं कसब त्याला जवळ बोलावण्यात आहे. आणि पलीकडचा विचार करा: पाच नंबरचा शिशाचा छर्रा योग्य कोनात सुटला तर अडीचशे यार्डांपर्यंत जाऊ शकतो. त्या झाडीत तुमच्यासारखाच हिरवे-तपकिरी कपडे घातलेला कुणीतरी झाडाला पाठ लावून टर्कीची हाक देत बसलेला असू शकतो. पक्षी पूर्ण ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

राहिला कागद. टीएसएसचं एक काडतूस दहा डॉलरच्या आसपास किंवा वर जातं, हे मान्य. पण कागदावरचा बार वाया जातो हे मान्य नाही. बंदूक, चोक आणि काडतूस या तिघांचं जमतं की नाही हे सांगणारी दुसरी जागाच नाही. स्वस्त हलकी काडतुसं घेऊन आधी १५-२० यार्डांवर नेम तपासावा. पॅटर्नचा मध्य नेमाच्या जागी येतोय का, की वर किंवा बाजूला? गाल दस्त्यावरून उचलला की बार वर जातो, आणि हा दोष तिथेच कळतो. मग शिकारीचंच काडतूस घेऊन २०, ३० आणि ४० यार्डांवर मोठे कोरे कागद लावावेत, प्रत्येक बाराला नवा. पॅटर्न जिथे सर्वांत दाट आहे तिथे नव्हे, तर नेमाच्या बिंदूभोवती १० इंची वर्तुळ काढून आतली भोकं मोजावीत. शिकाऱ्यांचा प्रचलित दंडक १०० भोकांचा आहे. एका बारावर विश्वास ठेवू नये, दोन-तीन तरी बघावेत, आणि त्यांतल्या सर्वांत वाईट कागदावरून आपलं कमाल अंतर ठरवावं. ते ३५ यार्ड निघालं तर ३५. बसायच्या जागेपासून तेवढ्या अंतरावरचं एखादं झाड रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) मोजून हेरून ठेवावं, त्याच्या पलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलू नये. चोक बदलला, किंवा ऐन हंगामात दुकानात नेहमीचं काडतूस न मिळून दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागलं, तर कागद पुन्हा पहिल्यापासून.