कृष्णेच्या पुरासाठी एकच नियंत्रण कक्ष हवा, पुणे आणि बेळगाव मिळून

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीवर पुन्हा चर्चा सुरू झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी अडवायची कर्नाटकाची तयारी आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० साली तशी मुभा दिली, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. धरणात अडलेलं पाणी मागे फुगत येऊन आमचा पूर वाढवतं अशी इथे भीती आहे, म्हणून या साडेचार मीटरचं नाव काढलं तरी आमच्या सांगलीत लोकांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही येतो. पण आज लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. उंची वाढो न वाढो, ती गोष्ट येत्या पावसाळ्याआधी करता येण्यासारखी आहे. तिला लवाद लागत नाही आणि हजारो कोटीही लागत नाहीत.

कृष्णेचा पूर सांभाळायला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून एकच, कायमचा, लेखी अधिकार असलेला नियंत्रण कक्ष हवा.

सध्या काय आहे बघा. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख जिल्हाधिकारी. वर राज्याचं प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. त्याच्यावर राष्ट्रीय, तिथे पंतप्रधान. भूकंप, आग, दरड यांना ही उतरंड ठीक आहे, कारण घटना एका जागी घडते आणि तिथला अधिकारी धावतो. कृष्णेचं तसं नाही. महाबळेश्वरला पाऊस पडतो तो साताऱ्यात. कोयनेचं १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण साताऱ्यात, आणि ते पाणी कराडला कृष्णेत येतं. हरिपूरला वारणा मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. राजापूर बंधारा ओलांडला की बेळगाव जिल्हा, मग हिप्परगीचं बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, मग आलमट्टी. एका पुराला पाच-सहा जिल्हाधिकारी आणि दोन सरकारं. आणि धरणांचे दरवाजे यांपैकी एकाही जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली नाहीत, ते जलसंपदाच्या अभियंत्यांकडे.

२०१९च्या ऑगस्टमधल्या पुराची इथल्या कुणाला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ला धोका पातळी. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३, पाणी ५५च्या पुढे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला, मालट्रकच्या रांगा लागल्या, कोल्हापुरात पेट्रोल मिळेना. कोयना, वारणा, राधानगरी सगळीकडून एकाच वेळी विसर्ग चालू होता. आणि खाली आलमट्टीचा विसर्ग पाच लाख क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) घरात न्यायला आपल्या मुख्यमंत्र्यांना कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांशी बोलावं लागलं.

मला खटकतं ते हेच. ते बोलले हे चांगलंच झालं. पण हिप्परगीला एवढी पातळी आली, वरून एवढा विसर्ग येतोय, तर आलमट्टीतून अमुक तासांत एवढं पाणी सोडायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या कार्यकारी अभियंत्याने ते वाचून करायला हवं. तो निर्णय दोन मुख्यमंत्र्यांच्या फोनपर्यंत चढतो तोवर सांगलीच्या गावभागात आणि हरभट रोडला पाणी दुकानांत शिरलेलं असतं.

त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. बाहेरची मदत पुरेशी पोचत नव्हती, म्हणून गावातल्याच बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली. बायका होत्या, लहान पोरं होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा आपला तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आणि राज्याच्या दलाचे धुळ्याला आणि नागपूरला. कृष्णाकाठी दर चार-दोन वर्षांनी पाणी येतं हे सगळ्यांना माहीत असताना बोटी, लाइफ जॅकेटं आणि बचावकाम शिकलेली माणसं जूनमध्येच इथे हवीत. मागणी आल्यावर निघायचं म्हणजे उशीर ठरलेलाच.

नंतर पुराची कारणं शोधायला राज्य सरकारची वडनेरे समिती झाली. २०२० साली तिने अहवाल दिला की या पुराला आलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, कारण नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं ही मुख्य कारणं. इथल्या बऱ्याच जाणत्या लोकांना ते पटलेलं नाही. पटो न पटो, दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघा. फुगवटा खरा असेल, तर आलमट्टीच्या दरवाजांचा निर्णय आमच्या पातळीशी बांधलेला हवा. खरा नसेल, तर आपल्याच कोयना-वारणेच्या विसर्गाचं वेळापत्रक जास्त महत्त्वाचं ठरतं आणि त्याचा फटका आमच्याइतकाच खाली बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-रायबागला बसतो. संयुक्त कक्ष दोन्हीकडून लागतोच.

खालच्यांचं दुःख आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. आमच्या मावशीचं घर चिकोडी तालुक्यातल्या मांजरीला, कृष्णाकाठी. जुलै २०२१मध्ये मावसभावाचा दर तासाला फोन. "दादा, आयर्विनला किती?" मी सांगायचो फुटांत. मग मी त्याच्याकडच्या बंधाऱ्यांचं विचारायचो, "कल्लोळला किती? हिप्परगीतून किती सोडलंय?" तो सांगायचा क्युसेकमध्ये, कधी मीटरमध्ये. म्हशी कधी हलवायच्या, मावशीला कधी माडीवरून उतरवून चिकोडीला न्यायचं, हे आम्ही दोघं अंदाजाने ठरवत होतो. त्याच्याकडे कन्नडमधून आलेला तहसीलदारांचा मेसेज आणि माझ्याकडे मराठीतून आलेलं पत्रक. दोन्हींत दुसऱ्या राज्यातल्या पाण्याचा आकडा नव्हता. त्याला आमचं वरचं पाणी कळायला हवं आणि आम्हाला त्याचं खालचं. एकाच नदीवरची दोन घरं, मध्ये फार तर तासाभराचा रस्ता.

आणि हे कधी? त्याच वर्षी जूनमध्ये आपले जलसंपदा मंत्री बंगळूरला जाऊन कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना भेटले होते, माहितीची देवाणघेवाण ठरली होती. माहिती २०१९पेक्षा बरी मिळाली हे मी मान्य करतो. पण २२-२३ जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, त्याच दिवशी चिपळूण बुडालं, त्याच दिवशी रायगडमधल्या तळीयेला दरड कोसळली. सगळी पथकं कोकणात हवी होती आणि इकडेही. अशा वेळी कोणतं पथक कुठे वळवायचं आणि कुठला दरवाजा किती उघडायचा हे ठरवणारं कुणीतरी लागतं. नुसता आकडा कळून भागत नाही.

याला कायद्याचा आधार नाही असंही नाही. नदी मंडळ कायदा १९५६चा आहे. आंतरराज्य नदीसाठी केंद्राला मंडळ नेमता येतं असं त्यात म्हटलंय. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ झालेलं नाही. कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आहे, पण ते आंध्र आणि तेलंगणासाठी, राज्य विभाजनाच्या २०१४च्या कायद्यातून आलेलं. ज्या दोन राज्यांत कृष्णेच्या पुराने शहरं आणि गावं बुडतात ती त्यात नाहीत.

समिती असली म्हणजे भांडण मिटतं असा माझा भाबडा समज नाही. दामोदर खोऱ्यात झारखंड आणि पश्चिम बंगालसाठी धरण नियमन समिती आहे, तिचं अध्यक्षपद केंद्रीय जल आयोगाकडे. तरी सप्टेंबर २०२४च्या पुरात बंगालने आपला प्रतिनिधी तिथून काढून घेतला, आम्हाला न विचारता पाणी सोडलं म्हणून. पण निदान भांडायला एक टेबल आहे आणि कुणी किती पाणी कधी सोडलं याची नोंद आहे. आमच्याकडे पूर ओसरल्यावर उरतात ते आरोप.

७ मे २०२५ला देशभरात नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, २४४ जिल्ह्यांची यादी होती. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर वगैरे. हवाई हल्ल्याच्या दृष्टीने यादी होती, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण भोंगे कुठे वाजवायचे, दिवे कधी घालवायचे, लोकांना कुठे न्यायचं, हे सगळं दोन-तीन दिवसांत उभं करता आलं. म्हणजे मनावर घेतलं की करता येतं. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट या चार जिल्ह्यांची मिळून पुराची एक तालीम मी अजून पाहिलेली नाही.

करायचं कसं? आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे पुणे विभागीय आयुक्तांकडे येतात. तिकडे बेळगाव, बागलकोट, विजापूर हे तिन्ही बेळगावच्या प्रादेशिक आयुक्तांकडे. म्हणजे अख्खं पूरक्षेत्र दोन खुर्च्यांखाली आहे! या दोघांना संयुक्त प्रमुख करा, दोन्हीकडचे मुख्य अभियंते आणि जल आयोगाचा एक माणूस सोबत द्या, १ जून ते ३१ ऑक्टोबर कक्ष मिरजेत किंवा चिकोडीत चालवा. पातळ्यांनुसार विसर्गाचे नियम आधी छापून जाहीर करा, म्हणजे कुणी मोडले तर दिसेल. आणि पत्रक एकच असू द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये, त्यात आयर्विन, राजाराम, राजापूर, कल्लोळ, हिप्परगी, आलमट्टी सगळे आकडे. त्याखाली गल्लीचं नाव. "विसर्ग दीड लाख क्युसेक" वाचून सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमधल्या आजीला काय समजणार? तिला "उद्या दुपारपर्यंत तुमच्या दारात पाणी" एवढं सांगा, ती आपणहून गाठोडं बांधेल.

सीमाप्रश्न मध्ये येईल, मला ठाऊक आहे. बेळगावच्या मराठी माणसाबद्दल मला जे वाटतं त्यात या पोस्टमुळे काही फरक पडत नाही. पण संयुक्त कक्षावर सही केली म्हणजे हक्क सोडला असं कुणी म्हणू नये, आणि म्हणालंच तर आपण ऐकून घेऊ नये.

शिरोळ, मिरज, पलूस, वाळवा, चिकोडी, रायबाग, अथणी, जमखंडी इथले जे कुणी वाचत असतील त्यांनी आपापल्या आमदाराला ही मागणी लेखी द्या, पोच घ्या. आणि तुमच्या गावात आत्ता चालू स्थितीतली बोट आहे का, जॅकेटं किती आहेत, ती शेवटची कधी बाहेर काढली, हे ग्रामसेवकांना विचारून खाली लिहा. तालुकावार यादी मी करतो आणि दोन्ही आयुक्तालयांना पाठवतो.