पेशी रक्तातले कोलेस्टेरॉल मोजत नाही

माझ्या थोरल्या बहिणीने कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केल्याचे मला पाकिटात तशाच राहिलेल्या सहा गोळ्यांवरून कळले. कारण होते मोबाइलवर फिरणारा एक निरोप. त्यात म्हटले आहे की, पेशीला कोलेस्टेरॉल पुरेसे झाले की ती उत्पादन आपोआप थांबवते, म्हणून रक्ततपासणीतला आकडा निरर्थक आहे. त्यातले पुढचे दावे असे: स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, उत्पादन चालू-बंद करणारा जनुकांचा स्विच कायमचा बिघडवतात. स्निग्ध पदार्थ सोडले की शरीरात चरबी तयारच होत नाही. आणि कोलेस्टेरॉल उतरले की मेंदू उपाशी राहतो.

पहिल्या दाव्याचा पूर्वार्ध खरा आहे, हे मान्य करावे लागते. पेशीच्या आत पटलांचे एक जाळे असते, आंतर्द्रव्यजालिका; तिच्या पटलात एसआरईबीपी नावाचे प्रथिन अडकवून ठेवलेले असते. त्या पटलातले कोलेस्टेरॉल घटले की स्कॅप हे दुसरे प्रथिन त्याला गॉल्गी संकुल या पेशीतल्याच दुसऱ्या भागाकडे नेते, तिथे दोन विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) त्याचे तुकडे करतात आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो. कोलेस्टेरॉल पुरेसे असले की हा प्रवासच थांबतो. मात्र हे मोजमाप पेशीच्या आतल्या पटलाचे आहे, रक्ताचे नव्हे. शिवाय याच स्विचवर कोलेस्टेरॉल बनवणारी विकरे आणि रक्तातले एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) आत ओढून घेणारे ग्राही, या दोहोंची जनुके चालतात. स्विच बंद झाला की उत्पादन घटते तसे ग्राहीही घटतात, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. निरोपात ही अर्धी गोष्ट गाळली आहे.

ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून पाहिल्या. निरोगी पेशींना एलडीएल दिले की त्यांचे उत्पादन थांबे. रुग्णांच्या पेशींचे थांबेना, कारण त्यांचे ग्राहीच निकामी होते. अशा रुग्णांचे रक्त कोलेस्टेरॉलने भरलेले असते आणि तीव्र प्रकारात हृदयविकाराचे झटके बालपणीच येतात, तरीही पेशी उत्पादन चालूच ठेवते. या संशोधनाला १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे समोर असताना 'शरीराला सगळे कळते' असे लिहून औषधे सोडायला लावणे मला अक्षम्य वाटते.

स्टॅटिनने स्विच बिघडतो हा दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. गोळी कोलेस्टेरॉल बनवणारे विकर अडवते, यकृताच्या पेशीत तुटवडा होतो, तोच स्विच चालू होतो, ग्राही वाढतात आणि रक्तातले एलडीएल आत खेचले जाते. जनुकांची रचना जराही बदलत नाही. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. पेशी ते अडवलेले विकरही जास्त बनवू लागते, हे खरे; मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरते, त्यामागे पेशीची अशी प्रत्युत्तरेच आहेत. काहींचे स्नायू दुखतात, हेही खरे. पण त्यावर उपाय मात्रा किंवा औषध बदलून घेणे हा आहे, परस्पर थांबवणे नव्हे.

उरलेल्या दोन दाव्यांना फार वेळ देण्याचे कारण नाही. इन्सुलिन वाढले की एसआरईबीपीचाच दुसरा प्रकार यकृतात मेदाम्ले (चरबीचे घटक) बनवणारी जनुके चालू करतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट खाल्ले की स्निग्ध पदार्थ न खाताही चरबी तयार होते. आणि मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. रक्तातले एलडीएल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.