जाड माणूस आयसीयूतून वाचतो म्हणे!

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गाभा असा: आयसीयूत जाड हृदयरुग्ण जास्त वाचतात, बारीक दगावतात, हे सिद्ध झालंय, अंगावरची चरबी संकटात कामाला येते, डॉक्टर वजनावरून उगाच घाबरवतात, म्हणून हार्टच्या पेशंटनं वजन उतरवू नये. मजकुरात एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्याच जोरावर बाकीचं खपून जातंय.

‘सिद्ध झालंय’

नोंदींत तसं दिसतं, हे कबूल. 2002 पासून अँजिओप्लास्टी झालेल्या, हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या) आणि आयसीयूतल्या रुग्णांच्या आकडेवारीत हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये 40 अभ्यास एकत्र मांडले गेले, रुग्ण सुमारे अडीच लाख. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 20 च्या खाली असलेल्यांत एकूण मृत्यूंचा धोका सर्वाधिक होता, थोडे जास्त वजनदार त्यातल्या त्यात सुखरूप. पण त्याच पाहणीत बीएमआय 35 च्या वर गेलेल्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचा धोका सर्वाधिक निघाला. मजकूर लिहिणाऱ्यानं ही ओळ बरोबर गाळली. शिवाय हे सगळे अभ्यास नोंदींचे आहेत. कुणाचं वजन मुद्दाम वाढवून तो जास्त जगतो का, असं कुणी पाहिलेलं नाही.

‘बारीक असतो म्हणून दगावतो’

खरी गल्लत इथं आहे. आयसीयूत आलेला 42 किलोचा माणूस बारीक का आहे, हे आधी विचारायला हवं. वर्षानुवर्षं विडी ओढून फुप्फुसं गेलेली, किंवा किडनी अधू, किंवा कॅन्सर, किंवा हृदयाचं पंपिंग इतकं कमी की आतड्यांना सूज येऊन जेवण जात नाही. जुनाट आजारात वर्षभरात 5 टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, तर त्याला खंगणं म्हणतात. ते वजन चालून किंवा जिभेला आवर घालून उतरलेलं नसतं. तो माणूस बारीक असल्यामुळे आजारी नसतो, आजारामुळे बारीक झालेला असतो. अशांच्या रांगेत धडधाकट सडपातळ माणसाला बसवलं, की बारीकपणाच घातक वाटणार.

दुसरी बाजू वयाची. वजनदार माणसाला बीपी, शुगर आणि पहिला अ‍ॅटॅक लवकर गाठतात, त्यामुळे तो दवाखान्यातही लवकर येतो. पंचावन्नच्या माणसाची पंचाहत्तरच्या म्हाताऱ्याशी तुलना केली तर पंचावन्नचाच जिंकणार. 2018 मध्ये अमेरिकेतल्या दीर्घकाळच्या नोंदी तपासल्या तेव्हा हेच दिसलं: लठ्ठ लोक निदानानंतर जास्त दिवस जगल्यासारखे वाटतात, कारण निदानच लवकर होतं. निरोगी वर्षं मात्र त्यांच्या वाट्याला कमी येतात.

आणि पाणी? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 165 सेंटिमीटर उंचीच्या, 60 किलोच्या माणसाचा बीएमआय 22. हार्ट फेल्युअरमध्ये पायात, पोटात 8 लिटर पाणी साठलं की काटा 68 दाखवतो आणि बीएमआय 25 होतो. आपल्याकडच्या निकषानं तो लठ्ठ ठरला, चरबी रतीभर न वाढता. 2023 मध्ये हार्ट फेल्युअरच्या एका मोठ्या चाचणीतल्या रुग्णांचं बीएमआयऐवजी कंबर आणि उंची यांचं गुणोत्तर घेतलं, तेव्हा जाडीचा हा ‘फायदा’ दिसेनासा झाला.

‘चरबी संकटात कामाला येते’

कामाला येतो तो स्नायू. 2013 च्या एका अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू 10 दिवसांत सुमारे 18 टक्के आटला. खोकून कफ काढणं, व्हेंटिलेटरवरून सुटणं, उठून बसणं, हे सगळं त्याच्यावर. चरबी उष्मांक देते, स्नायू बांधायचं प्रथिन देत नाही. उलट उताणं झोपवल्यावर मोठं पोट श्वासपटल वर ढकलतं, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, श्वासाची नळी घालणं अवघड होतं, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) चित्र धूसर येतं. जाड दंडावर बीपी मोजायचा लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं.

‘वजनावरून उगाच घाबरवतात’

आयसीयूत वजन विचारतात ते डोससाठी. इनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी. 42 किलोच्या आजीबाईंचं वजन नातेवाइकानं अंदाजपंचे ‘असेल साठ’ सांगितलं, तर डोस हवा त्यापेक्षा 40 टक्क्यांहून अधिक जादा होतो. त्यात किडनी अधू असली तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदयरोगात अशी औषधं मिळालेल्या 42 टक्के रुग्णांना किमान एक सुरुवातीचा डोस शिफारशीबाहेरचा गेला होता. जादा डोस विशेषतः वृद्ध, बायका आणि कमी वजनाच्यांना. म्हणजे बारीक माणूस दगावण्यात आपल्या अंदाजाचाही वाटा असू शकतो!

व्हेंटिलेटरचं गणित मात्र काट्यावर चालत नाही, उंचीवर चालतं. पुरुषासाठी 50 अधिक 0.91 गुणिले (उंची सेंटिमीटरमध्ये उणे 152.4). 165 सेंटिमीटरला हे साडेएकसष्ट किलो येतं. किलोमागे 6 मिलिलिटर धरले की एका श्वासाला सुमारे 370 मिलिलिटर. माणूस 95 किलोचा आहे म्हणून 570 दिले तर फुप्फुसांना इजा होऊ शकते. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. म्हणून सिव्हिलला जा नाहीतर खाजगीत, तीन गोष्टी लिहून न्या: टेपनं मोजलेली उंची, सूज नसतानाचं वजन, आणि गेल्या सहा महिन्यांत ते किती घटलं-वाढलं.

‘म्हणून वजन उतरवू नये’

2023 च्या सिलेक्ट चाचणीत बीएमआय 27 किंवा त्याहून जास्त असलेले, आधीच हृदयरोग असलेले, मधुमेह नसलेले 17,604 जण होते. निम्म्यांना आठवड्याला सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणा. वजन उतरलेल्या गटात हृदयविकारानं मृत्यू, अ‍ॅटॅक आणि पक्षाघात मिळून 20 टक्के कमी. सगळं श्रेय वजनालाच द्यावं असं नाही, औषधाचे इतरही गुण आहेत. पण वजन उतरलं म्हणून माणसं जास्त मेली, असं झालं नाही.

याचा अर्थ उपास धरा, असा नाही. हार्ट फेल्युअरमध्ये उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातो. आजारी ज्येष्ठांना प्रथिनं किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोला किमान 72 (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). कडक भाकरीबरोबर चमचाभर, 15 ग्रॅम शेंगाचटणी खाल्ली तर जेमतेम 4 ग्रॅम मिळतात, वर मीठ. डाळ, अंडी, दूध, मोड आलेली मटकी यांच्याशिवाय हिशेब जुळत नाही. लक्ष काट्यापेक्षा कंबरेवर ठेवा: घेर उंचीच्या निम्म्याखाली, म्हणजे 165 ला 82 सेंटिमीटरच्या आत.

काटा हार्ट फेल्युअरवाल्यांना रोज लागतो, पण दुसऱ्या कामासाठी. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त चढलं तर ते जेवण नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.